पांढऱ्या पाण्याचे आगाशे साहेब

आगाशे साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे, आणि पाणी आलं की प्यायचे नाहीत. शर्टाच्या खिशातून औषधाची रिकामी बाटली काढायचे, भांड्यातलं पाणी तिच्यात ओतायचे, बूच घट्ट लावायचे, वर चिकटपट्टी डकवून बॉलपेनने लिहायचे: गाव, विहीर की नळ, तारीख. एवढं सगळं झालं की समोरच्या बाईकडे बघून शांतपणे म्हणायचे, "हं, आता प्यायला द्या."

मुलीसाठी कल्याणातच स्थळ बघायला गेले तेव्हाही हेच. मुलाची आई तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली आणि यांनी बाटली काढली. "बोअरचं का हो हे?" असं वर विचारलं. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला सांगितलं की त्या क्षणी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. लग्न जमलं, ते मुलगी चांगली होती म्हणून. पण पुढे वर्षभर सासू सुनेला टोचायची, "काय गं, आला का तुझ्या बाबांचा रिपोर्ट आमच्या पाण्याचा?" आणि खरं सांगते, रिपोर्ट गेला होता. पोस्टकार्डावर. "आपल्याकडील पाणी जड आहे. डाळ शिजण्यास वेळ लागत असेल. कळावे." व्याह्यांना लिहिलेलं पहिलं पत्र हे.

अशा माणसाच्या हाताखाली मी आठ वर्षं काढली. आता तुम्ही विचाराल, तुम्ही कोण. मी कुंदा. माहेर खडवलीचं, नववीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन डोंबिवलीला आले. धाकटा शाळेत जायला लागल्यावर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात बाटल्या धुवायच्या कामाला लागले. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. तिथे कापायचं तेल बनायचं. लेथवर लोखंड कापतात ना, तेव्हा हत्यार तापतं. ते गार ठेवायला त्याच्यावर सतत एक पांढरं पाणी सोडावं लागतं. दिसायला अगदी दूध. कामगार त्याला दूधच म्हणतात. ते म्हणजे वीस भाग पाण्यात एक भाग आमचं तेल. आता तेल आणि पाणी कधी एकत्र नांदलंय का? त्यासाठी आमच्या तेलात एक साबण असायचा. डब्यावर नाव काहीतरी लांबलचक, आम्ही साबणच म्हणायचो. तो साबण दोघांना धरून ठेवायचा, आणि आगाशे साहेब त्या साबणावर लक्ष ठेवायचे. ते आमचे केमिस्ट. एकुलते एक.

पहिल्या दिवशी त्यांनी मला रडवलं. मी वीस बाटल्या घासून, उन्हात चमकवून ठेवल्या. साहेब आले. उंच, वाकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एक बाटली उचलली.

"धुतली?"

"धुतली की."

त्यांनी तिच्यात पाणी भरलं, ओतून दिलं आणि बाटली माझ्या नाकासमोर उलटी धरली. "काय दिसतं?"

"बाटली."

"आत बघा. थेंब उभे राहिलेत. काच खरी स्वच्छ असली की पाणी चादरीसारखं सरळ खाली उतरतं. थेंब उभा राहिला, म्हणजे तिथे अजून तेल बसलंय. पुन्हा."

ती एक बाटली मी त्या दिवशी अकरा वेळा धुतली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, उद्यापासून जात नाही, तो म्हातारा वेडा आहे. नवरा म्हणाला, "बरं, नको जाऊस." एवढ्या पटकन हो म्हणाला की मला राग आला आणि मी दुसऱ्या दिवशी गेले. पण रात्रीची भांडी घासताना तेलाची बरणी उलटी करून बघितली. थेंब उभे. तेव्हापासून घरात एक भांडं मला धड स्वच्छ वाटलं नाही. हे त्या माणसाचं देणं.

त्यांना वाटायचं की मला सगळं समजलंच पाहिजे. का, ते देव जाणे. बाटल्या धुणाऱ्या बाईला साबणाचं मर्म कळून काय करायचंय? पण नाही. डबा उघडायला बसले की यांचं सुरू.

"कुंदाबाई, ताक घुसळता तेव्हा लोणी वर का येतं?"

"येतं म्हणून येतं. जेवू द्या ना साहेब."

"आणि आमच्या दुधाचं लोणी वर का येत नाही?"

मग आमटी गार होईपर्यंत ऐकायचं. साबणाच्या कणाला म्हणे दोन टोकं. एकाला पाणी आवडतं, एकाला तेल. तेलाचा बारीकसा गोळा करून हे कण त्याच्याभोवती उभे राहतात, तेलाचं टोक आत, पाण्याचं बाहेर. असे लाखो गोळे पाण्यात तरंगतात म्हणून ते पांढरं दिसतं. "तुमचं माहेर खडवलीला, सासर डोंबिवलीला. तुम्ही आहात म्हणून ती दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जातात. तसं." मी म्हटलं, "साहेब, माझ्या सासरचे माझ्या माहेरच्या लग्नाला येत नाहीत." त्यावर दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "मग तिथे पाणी जड असणार."

विनोद करत होते का, ते मला कधीच कळलं नाही. चेहरा तसाच राहायचा.

पण त्यांचं खरं दैवत ती दोन तासांची बशी. काचेची चपटी बशी, तिच्यात गोल कागद, कागदावर चिमूटभर बिडाचा कीस. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्या किसावर आमचं पांढरं पाणी थेंब थेंब घालायचं, झाकण ठेवायचं, आणि दोन तास हात लावायचा नाही. मग कीस झटकायचा, कागद धुवायचा आणि बघायचं. कागद पांढरा राहिला तर तेल पास. तपकिरी ठिपके उमटले तर नापास. मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, ते दीड तासाने दारात येऊन उभे राहायचे. "साहेब, झालं की आता. अर्ध्या तासात काय आभाळ कोसळतंय?" साहेब घड्याळाकडे बघायचे. "भाऊ, गंजाला सुट्टी नसते. तुम्ही-मी घाई करतो, तो करत नाही." आणि खरोखर कित्येकदा शेवटच्या अर्ध्या तासातच ठिपका यायचा. त्यांचं बरोबर निघालं की मला जास्त चीड यायची.

कारखान्यात कोणी बशी हलवतं म्हणून एकदा दिवाळीच्या सुट्टीत हा प्रयोग ते घरी घेऊन गेले. कल्याणला दोन खोल्यांचं घर. कुठे ठेवणार? देवघरात. का, तर देवघरातली वस्तू कोणी उगाच हलवत नाही. वहिनी सकाळी पूजेला बसल्या, देवांपुढे बशी, बशीत लालसर ओलं काहीतरी. "मला वाटलं, हौसेने गंध उगाळून ठेवलंय," त्या मला सांगत होत्या, "बोट बुडवून बाळकृष्णाला लावणार तेवढ्यात वास आला. कुंदाताई, देवाला गंज वाहणारा अख्ख्या कल्याणात हा एकच." साहेब आतल्या खोलीतून ओरडले, "हात लावलास का? आता परत दोन तास."

मी हळूहळू बाटल्यांवरून बशीवर आले. इंग्रजी आकडे येत होते, बाकीचं साहेबांनी शिकवलं, म्हणजे माझ्या मागे लागून लागून डोक्यात घातलं. तीन-चार वर्षांत बशी मी लावायची, वही मी भरायची आणि शेवटी सही साहेबांनी करायची, असं ठरून गेलं.

आता बाळकुमचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

ठाण्याला बाळकुममध्ये आमचं एक मोठं गिऱ्हाईक होतं. पंपाच्या तोंडाशी बसणाऱ्या बिडाच्या जाड चकत्या ते बनवायचे, फ्लँज म्हणतात त्यांना. त्यांच्या आवारात विहीर होती आणि तिचंच पाणी ते आमच्या तेलात मिसळायचे. खाडी जवळ, त्यामुळे पाणी मचूळ. साहेबांचा नियम असा की ज्याचं तेल त्याच्याच पाण्यात बशी लावायची. "आपल्या नळाच्या पाण्यात पास होऊन काय उपयोग? ते लोक काय आपला नळ घेऊन जाणार आहेत?" नियम बरोबर. पण ते पाणी आणायचं कोणी? मी. पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून बस, नाक्यावर उतरून चालत. येताना भरलेले. हात खांद्यातून लोंबायला लागायचे. आणि हे वर्षातून एकदा नव्हे. पावसाळ्यानंतर वेगळं, थंडीत वेगळं, उन्हाळ्यात वेगळं.

तिथला फोरमन पाटील, बाळकुम गावातलाच. मला कॅन घेऊन येताना बघितलं की हसायचा.

"काय ताई, परत पानी? तुमच्या सायबाला डोंबिवलीत आंघोळीला पुरत नाय का?"

"त्यांनाच विचारा, दादा."

"त्यांना कोन विचारनार? मागच्या खेपेला मी बोललो, सायेब, इहीर तीच हाय. तर मना अर्धा तास भरती-ओहोटी शिकवली. माझा बाप खाडीत मासं मारून मेला, आन ह्यो मना भरती शिकवतो."

एका वर्षी पाटलाची तक्रार आली की टाकीत दूध फाटतंय. वर साय धरते, तेल सुटून तरंगतं. भाऊ म्हणाले, साबण वाढवा. साहेब नको म्हणाले. भाऊंना वाटलं, साहेब नेहमीसारखे आडवे येतात. पण साहेबांचं म्हणणं असं होतं की साबण फार झाला की तो तेलाला पाण्यात इतकं घट्ट धरून ठेवतो, की तेल लोखंडाच्या अंगाला लागतच नाही. "दूध छान दिसेल, भाऊ. पण लोखंड उघडं पडेल. तेलाचा पातळ हात त्याच्या अंगावर राहायला हवा, नाहीतर पाणी त्याला खाणार." दोन आठवडे वाद झाला. शेवटी साबण थोडा वाढवायचा, सोबत गंज रोखणारं औषधही वाढवायचं आणि बाळकुमच्या ताज्या पाण्यात बशी लावून मगच माल सोडायचा, यावर तह झाला.

तो मे महिना होता. आणि त्याच आठवड्यात खडवलीला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. साहेब सोमवारी म्हणाले, "कुंदाबाई, पाणी." मी म्हटलं, हो. आणि मी गेले नाही. घरात पाहुणे, बहिणीच्या साड्यांना फॉल लावायचे राहिलेले, त्या उन्हात कोण जाणार बाळकुमला? जानेवारीत आणलेला कॅन निम्मा शिल्लक होता. विहीर तीच. पाणी तेच. मी त्या पाण्यात बशी लावली, कागद शुभ्र निघाला, आणि वहीत लिहिलं, बाळकुम, विहीर, आणि पुढे त्या दिवसाची तारीख. साहेबांनी सही करताना वर बघितलं.

"ताजं?"

"ताजं," मी म्हटलं.

चौदा ड्रम बाळकुमला गेले. मी लग्नाला गेले.

जूनच्या सुरुवातीला पाटलाचा फोन आला. साहेब आणि मी दोघं गेलो. शेडमध्ये तयार फ्लँजची रांग लावलेली. पाटलाने एका फ्लँजच्या घासलेल्या तोंडावर अंगठा फिरवला आणि आम्हाला दाखवला. अंगठा तपकिरी. मग म्हणाला, "सायेब, दूध फाटलं नाय. बघा टाकीत, पांढरंशुभ्र हाय. पन लोखंडाची ही दशा." अख्ख्या महिन्याचं काम. पुन्हा घासायचं म्हणजे माप जाणार, म्हणजे सगळं भंगारात. पाटलाच्या मालकाने त्याला सांगितलं होतं, तेल तू पसंत केलंस, जबाबदारी तुझी. हसरा माणूस, त्या दिवशी आमच्याकडे बघत नव्हता.

साहेबांनी विहिरीचं पाणी भरून घेतलं, स्वतः उचललं. कारखान्यात आल्यावर त्यांनी दोन बश्या मांडल्या. एकीत आज आणलेलं पाणी, दुसरीत त्या जुन्या कॅनमधलं. कॅनवर पाणी कुठवर आहे त्याची पेन्सिलची रेघ मारून ठेवायची त्यांना सवय होती, पाणी त्या रेघेच्या बोटभर खाली गेलेलं, म्हणजे मधे ते वापरलेलं. मी बघितलं. त्यांनीही बघितलं. म्हणाले, "बसा, कुंदाबाई."

दोन तास मी त्या स्टुलावर बसले. आयुष्यात इतकी लांब दोन तासांची बशी नाही बघितली. रागवा ना, ओरडा ना, माणूस निदान रडून मोकळा होतो. नाही. ते शेजारी बसून वहीत कसले तरी आकडे मांडत होते. दोन तासांनी कागद धुतले. जुन्या पाण्याचा कागद पांढरा. नव्या पाण्याचा असा, जसं कोणी पान खाऊन त्यावर थुंकलंय. मे महिन्यात विहिरीचं गोडं पाणी आटतं आणि खाडीचं खारं आत शिरतं. साबण वाढवल्यावर मीठ दुधाला फाडत नाही, पण लोखंडाला सोडत नाही.

"आता सांगा," साहेब म्हणाले.

मी सांगितलं. बहिणीचं लग्न, साड्या, ऊन, सगळं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "लग्न होतं हे आधी सांगितलं असतंत तर मी गेलो असतो." झालं. तेवढंच. ते वाक्य मला अजून बोचतं, कारण ते खरंच गेले असते. दोन कॅन घेऊन, वाकत वाकत.

भाऊंना वाटलं यातून वाट आहे. ते काही वाईट गृहस्थ नव्हते, माझ्या धाकट्याच्या शाळेसाठी त्यांनी शब्द टाकला होता. पण कारखाना चालवायचा होता. म्हणाले, "साहेब, एक पत्र लिहा. तुमचं पाणी खारं आहे, त्यामुळे गंज आला, तेलाचा दोष नाही. खोटं तर नाही ना त्यात?"

"खोटं नाही. अर्धं आहे."

"मग अर्धंच लिहा."

साहेबांनी पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं. त्यात होतं: चाचणी जुन्या पाण्यावर झाली, उन्हाळ्याच्या पाण्यावर व्हायला हवी होती, साबणाचं प्रमाणही चुकलं, चूक आमची आहे. मी त्यांच्या मागे मागे फिरले. "साहेब, नका पाठवू हो. भाऊंचं ऐका. माझी नोकरी जाईल."

"तुमचं नाव आहे का त्यात?"

"नाही, पण..."

"'आम्ही' लिहिलंय. सही माझी आहे वहीत."

"पण कशाला? पाणी खारं आहेच ना त्यांचं?"

"आहेच. पुढच्या मे महिन्यातही असणार आहे. ते पाण्याला शिव्या देत बसतील, आपण तेल बदलणार नाही, आणि त्या पाटलाच्या चकत्या पुन्हा गंजतील. मग काय मिळवलंत?"

पत्र गेलं. पाटलाची नोकरी राहिली, हे मला नंतर कळलं. त्याने ते पत्र त्याच्या मालकापुढे ठेवलं. पण बाळकुमचा माल बंद झाला, आणि भाऊंचं मन साहेबांवरून उतरलं. साहेबांना अठ्ठावन्न पुरी व्हायला वर्ष उरलं होतं, आणि भाऊंनी कधीचा शब्द दिला होता की पुढे तीन वर्षं ठेवून घेईन. साहेबांच्या मुलाचा डिप्लोमा अजून अर्ध्यावर होता, त्या तीन वर्षांवर त्यांचं घर उभं होतं. भाऊंनी एके दिवशी चहा पिता पिता सांगितलं, "साहेब, वेळेवर विश्रांती घ्या आता." माझी नोकरी मात्र राहिली. पगार कमी, काम जास्त, मला कोण काढणार?

त्या वर्षात मी साहेबांशी जेवढी भांडले तेवढी सख्ख्या भावाशीही भांडले नाही. रोज डबा खाताना. "एक पत्र. तेवढ्यापुरते गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" वहिनींना तोंड दाखवायची मला लाज वाटायची, आणि हे मात्र नवीन मिश्रण करत बसलेले. साबण थोडा कमी, दुसऱ्या जातीचा थोडा जास्त, औषध वेगळं. मी म्हणायचे, "साहेब, आता कोणासाठी करताय? बाळकुम गेलं." ते म्हणायचे, "विहीर तर आहे ना." मी कपाळावर हात मारून घ्यायचे. माझ्यामुळे या माणसाची तीन वर्षं गेली, आणि याने एकदा तरी मला तसं म्हणावं, एकदा तरी चिडावं, म्हणजे मी माफी मागायला मोकळी. तर हा मला पाण्यातलं मीठ मोजायला बसवायचा.

साहेब गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. दम्याने गेले, कल्याणलाच. मी गेले होते. त्या दिवसाचं फारसं काही आठवत नाही, गर्दी आणि उदबत्तीचा वास एवढंच. मला ते आठवतात ते त्यांच्या निरोपाच्या दिवशीचे.

झालं असं की पुढच्या उन्हाळ्यात बाळकुमहून पाटलाचा फोन आला. दुसऱ्या कंपनीचं तेल आठवड्यात नासायला लागलं होतं. "भाऊ, तुमचंच द्या परत, पन बघून द्या." भाऊंना आनंद झाला. सहा ड्रम तातडीने हवे होते. नेमकी तीच तारीख साहेबांच्या शेवटच्या दिवसाची. त्यांनी स्वतःच्याच नव्या मिश्रणाचा माल काढला, आणि आदल्या दिवशी मी जाऊन विहिरीचं ताजं पाणी आणलं होतं. तीन वाजून वीस मिनिटांनी बशी लावली. पाच वाजता निरोपसमारंभ. अंगणात खुर्च्या, टेबलावर शाल, नारळ, नाक्यावरच्या हलवायाकडचे समोसे. फाटकाशी बाळकुमचा टेम्पो उभा, ड्रम चढवलेले, ड्रायव्हर विडी ओढतोय.

पाच वाजले. भाऊ हार घेऊन उभे. साहेब प्रयोगशाळेच्या स्टुलावरून उठेनात.

"साहेब, चला ना. लोक खोळंबलेत."

"वीस मिनिटं आहेत अजून."

"अहो, तुमचाच सत्कार आहे."

"हो ना. मग मी येईपर्यंत सुरू होणार नाही."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. पाच वीसला मी कीस झटकला, कागद धुतला. पांढरा होता. मग उजेडाकडे धरला. कडेला दोन ठिपके. मोहरीएवढेही नाहीत, पण तपकिरी. मी वही साहेबांपुढे ठेवली.

ते म्हणाले, "मी दुपारीच तुमच्या नावे चार्ज लिहून दिला. सही तुमची."

इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता. त्यांचं काय जाणार होतं नापास लिहायला? नोकरी गेलेलीच होती. दहा मिनिटांत हार घालून घरी जायचं होतं. माझ्या घरी दोन शिकणारी मुलं, नवऱ्याचा पगार तुटपुंजा, आणि आठ वर्षांनी मिळालेलं हे स्टूल. भाऊ मागे येऊन उभे राहिले होते. कागद त्यांनीही बघितला.

"कुंदाताई, दोन ठिपके आहेत. कडेला. दोन ठिपक्यांना काय धरून बसायचं? हे गिऱ्हाईक वर्षभराने परत आलंय, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे भाऊ."

"मग?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर टेम्पोकडे बघत होते, जणू काही ते इथले नव्हेतच. मनात म्हटलं, जाताना सुद्धा सुखाने नाही गेलात. पेन उचललं. मी लिहिलं, नापास. पुढे, कडेला दोन ठिपके. खाली माझं पूर्ण नाव, माहेरचं नाही, सासरचं, नवऱ्याच्या नावासकट.

भाऊंनी वही घेतली. वाचली. मग टेम्पोवाल्याला हाक मारून म्हणाले, "उतरव रे ड्रम."

ड्रायव्हर म्हणाला, "पाटलांना काय सांगू?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. सांगणं माझ्यावर आलं. मी म्हटलं, "सांगा, ठिपके आले म्हणून थांबवलंय. चार दिवस लागतील. तोवर रोजचं काम झालं की चकत्या पुसून तेलाचा हात लावून ठेवायला सांगा."

भाऊ अंगणात गेले. आम्ही दोघं राहिलो.

"सोमवारी कुठून सुरू करणार?" साहेबांनी विचारलं.

"आधी साबण कमी करून बघते."

"किती?"

"ते सोमवारी ठरवेन."

मी वाट बघत राहिले. त्या माणसाचा पुढचा प्रश्न आला नाही असं आठ वर्षांत झालं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, दोऱ्याची काडी कानावर नीट बसवली आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. शाल अंगावर घेतली, नारळ मांडीवर ठेवला, भाऊंचं भाषण ऐकून घेतलं. मी समोशांची ताटली पुढे केली. गार झाले होते. त्यांनी एक उचलला, मोडून आत बघितलं आणि म्हणाले, "चटणी नाही आणली का?"